नर्स प्रॅक्टिशनर : पदवीआधी विचारायचे चार प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला की घरात एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? नोकरी धरावी, एम.एस्सी. करावे, परदेशाची तयारी करावी, की हल्ली कानावर येणारे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हावे? आपल्या अनेक घरांत नर्सिंगपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी असते. तिच्या एका निर्णयात आईवडिलांची बचत, भावंडांचे शिक्षण आणि कधी कधी डोक्यावरचे कर्जही गुंतलेले असते. म्हणून या पाठात हा अभ्यासक्रम नीट समजून घेऊ आणि निर्णय कसा करायचा ते पायरीपायरीने पाहू.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय?

ही कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांना अनुभवी नर्सने तपासावे, साध्या आजारांवर उपचार करावेत आणि गंभीर रुग्ण वेळेत पुढे पाठवावा, हा त्यामागचा विचार होता. तिथे आज ही नर्स तपासते, निदान करते, औषध लिहून देते. मात्र तिला किती स्वातंत्र्य आहे, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो.

भारतात राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग उभारण्याची शिफारस केली. आज आपल्याकडे या नावाने मुख्यतः दोन अभ्यासक्रम आहेत.

पहिला, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हा भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. यात साधारण २० टक्के भाग वर्गातला आणि ८० टक्के प्रत्यक्ष अतिदक्षता विभागातल्या कामाचा असतो. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंग, परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो.

दुसरा, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्यांत १८ महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. सर्वसाधारण बाळंतपण नर्सनेच सन्मानाने आणि सुरक्षितपणे करावे, गुंतागुंत दिसताच डॉक्टरकडे सोपवावे, हा त्याचा गाभा आहे.

जी.एन.एम. झालेल्या मुलींना पहिल्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेश नाही. त्यांना आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे लागते.

प्रश्न पहिला : माझा पाया तयार आहे का?

नियम एक वर्षाचा अनुभव मागतो, पण दोन-तीन वर्षे वॉर्डात काढून गेलेली मुलगी या अभ्यासक्रमातून जास्त शिकते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, शॉकमध्ये चाललेला रुग्ण, रात्रपाळीत एकटीवर आलेला निर्णय, हे आधी पाहिलेले असले म्हणजे पुस्तकातले पान जिवंत होते. शिवाय अतिदक्षता विभागाचे काम आपल्याला झेपते का, आवडते का, हे पगार घेत घेत कळते. ज्या मुलीला गावपातळीवर काम करण्यात रस आहे, तिने केवळ नाव मोठे म्हणून इकडे येऊ नये.

प्रश्न दुसरा : या पदवीचे पद कुठे आहे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि प्रवेशाच्या घाईत तो विचारायचा राहून जातो. पदवी असणे आणि पद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी भरतीच्या जाहिराती काढून पाहा. महाराष्ट्रात अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका ही नावे ओळखीची आहेत. नर्स प्रॅक्टिशनर हे स्वतंत्र पद तुमच्या नजरेसमोरच्या जाहिरातींत किती वेळा दिसते, ते स्वतः मोजा. खासगी रुग्णालय असेल तर तिथे हा अभ्यासक्रम केलेल्या दोघी-तिघींना भेटा आणि विचारा : नेमणूकपत्रावर पदनाम काय लिहिले? पगार किती वाढला? काम बदलले, की त्याच पाळीत तेच काम करता?

प्रश्न तिसरा : अधिकार किती?

इथे गैरसमज फार आहेत. आपल्याकडे क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर रुग्णालयाने ठरवलेल्या प्रोटोकॉलच्या आणि लेखी स्थायी आदेशांच्या चौकटीत काम करते. ही पदवी म्हणजे स्वतःचा दवाखाना उघडण्याचा किंवा स्वतःच्या सहीने औषधे लिहून देण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद आहे. पण तो परवाना आयोगाने द्यायचा असतो, पदवीसोबत तो आपोआप मिळत नाही. कुणी एजंट किंवा कॉलेजचा माणूस ‘डॉक्टरसारखी प्रॅक्टिस करता येईल’ म्हणाला, तर तिथून उठून यावे.

प्रश्न चौथा : पैसा कुठून आणि परत कसा?

शुल्क, वसतिगृह, जेवण, गणवेश, पुस्तके आणि दोन वर्षे न मिळणारा पगार, या सगळ्यांची बेरीज कागदावर मांडा. अभ्यासक्रम निवासी आहे, म्हणजे तुम्ही रुग्णालयात पूर्ण वेळ राबणार आहात. त्याबद्दल वेतन किंवा विद्यावेतन मिळेल का, किती मिळेल, हे प्रवेशाआधी लेखी घ्या.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची कौटुंबिक उत्पन्न मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याच्या फ्रीशिप योजनेची चौकशी करा. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि जात वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी धावपळ करून मिळत नाही, त्याची फाईल आधीच पूर्ण करून ठेवावी लागते.

कॉलेज निवडताना भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि विद्यापीठ, तिन्हींच्या याद्यांत त्या अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षासाठी आहे का ते पाहा. कॉलेजला बी.एस्सी.ची मान्यता असली म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरचीही असेलच असे नाही.

इतर वाटाही तोलून पाहा

सरकारी नोकरी : एम्सची नोर्सेट परीक्षा बी.एस्सी. झालेल्यांना देता येते. जी.एन.एम. असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. अनुसूचित जातींना वयात पाच वर्षांची सवलत आहे. घरची परिस्थिती नाजूक असेल तर आधी ही वाट धरणे शहाणपणाचे. शिक्षण नंतरही घेता येते.

समुदाय आरोग्य अधिकारी : उपकेंद्राच्या पातळीवर, आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, हे पद आहे. रक्तदाब, मधुमेह तपासणे, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेली औषधे पुढे देत राहणे, गरज पडली की ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे, असे काम असते. लोरेटा फोर्ड यांच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारे हे काम आहे. पण नेमणूक कंत्राटी असते आणि मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर अवलंबून असतो, हे धरून हिशेब करावा.

एम.एस्सी. नर्सिंग : शिकवण्याची आवड असेल तर हीच वाट. पाठ्यनिर्देशिका, पुढे प्राध्यापक अशी शिडी इथे स्पष्ट आहे.

एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका : क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत कमी वेळात कौशल्य वाढते.

परदेश : भारतात नर्स प्रॅक्टिशनर झाले म्हणून अमेरिकेत त्या पदावर काम करता येत नाही. तिथे नोंदणीकृत नर्स होण्यासाठी एनक्लेक्स परीक्षा आणि नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी तिथलेच पदव्युत्तर शिक्षण लागते. एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

नुकताच अभ्यासक्रम पूर्ण केला असेल तर

• वाढीव पात्रतेची नोंद राज्य परिषदेत करून घ्या.
• नेमणूकपत्रावर पदनाम आणि कामाचे स्वरूप लिहून मागा.
• रुग्णालयाचे स्थायी आदेश लेखी आहेत का, त्यांवर कुणाची सही आहे, ते पाहा. तोंडी सांगण्यावरून औषध बदलले आणि रुग्णाला काही झाले, तर कागदावर तुमचेच नाव राहते.
• पहिले सहा महिने तरी अनुभवी डॉक्टर आणि वरिष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली काम मागा. यात कमीपणा नाही.
• मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवू नका. बंधपत्रावर सही करण्याआधी त्यातली रक्कम आणि मुदत घरच्यांसोबत वाचा.

घरी बसून करायचा अभ्यास

एक कोरा कागद घ्या. वर चार रकाने आखा : पाया, पद, अधिकार, पैसा. डाव्या बाजूला तुमच्यासमोरच्या दोन-तीन वाटा लिहा. प्रत्येक चौकटीत ऐकीव माहिती लिहू नका. जाहिरात, नियमपत्रक किंवा भेटलेली व्यक्ती, जिच्यावरून कळले तेच लिहा. कोऱ्या राहिलेल्या चौकटी म्हणजे अजून विचारायचे प्रश्न. त्या भरेपर्यंत शुल्काची पावती फाडू नका. आणि भरलेला कागद फेकून देऊ नका. पुढच्या वर्षी वस्तीतल्या दुसऱ्या मुलीला तो लागणार आहे.