एक्सपोर्टचं प्रॉडक्ट कुणासाठी बनवायचं? पुण्याची 'इन्सास' रायफल आणि आपली मिरची

एक्सपोर्टच्या धड्यात रायफल कशाला, असं वाटेल. रायफल आपण विकणार नाही, सरकारी परवानगीशिवाय तो विषयच निघत नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाच्या हातात आपला माल गेल्यावर काय होतं, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलं नाही.

पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही संस्था आहे. 'इन्सास' रायफलचं डिझाइन तिथलं. काम 1980च्या दशकात सुरू झालं, 1990च्या दशकात रायफल सैन्यात आली. काडतूस 5.56 बाय 45 मिलिमीटरचं, म्हणजे नाटो देश वापरतात त्याच मापाचं. हा निर्णय एक्सपोर्टच्या दृष्टीने फार शहाणपणाचा, कारण जगात कुठेही गिऱ्हाइकाला काडतुसासाठी एकाच दुकानदारावर अवलंबून राहावं लागत नाही.

पण बाकीचं डिझाइन एकाच गिऱ्हाइकासाठी होतं, ते म्हणजे भारतीय सैन्य. आपल्याकडे नेम धरून, गोळ्या जपून मारण्याची शिस्त. म्हणून चाप दाबून धरला तरी तीनच गोळ्या सुटायच्या, आणि मॅगझिन 20 गोळ्यांचं. ही चूक नाही बरं का. गिऱ्हाइकाने मागितलं, ते दिलं. तरी 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत प्लास्टिकचं मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्याच.

हीच रायफल पुढे मोठ्या सवलतीत नेपाळला दिली गेली. ऑगस्ट 2005 मध्ये कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी लढताना नेपाळचे 43 सैनिक मारले गेले. नेपाळी सैन्याने जाहीर सांगितलं, लढाई तासन् तास चालली, रायफली तापल्या, थंड होईपर्यंत थांबावं लागलं. भारताच्या बाजूने उत्तर आलं की वापर नीट झाला नसावा.

खरं कोण, यात मी पडत नाही. पण इथे थांबून विचार करा. समजा उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. तरी विकणाऱ्याचं काय राहिलं? 'तुम्हाला वापरता येत नाही' हे वाक्य ऐकून कुठलं गिऱ्हाइक परत येतं? गिऱ्हाइक किती वेळ, कुठे, कसं वापरणार, हे विकण्याआधी विचारायचं असतं. ट्रेनिंग, सुटे भाग, त्याच्या भाषेतली माहितीपुस्तिका, हेही प्रॉडक्टच आहे. आणि सवलतीत दिलेल्या मालाची तक्रार कमी होते, हा गैरसमज मनातून काढा.

पुढे घरच्या गिऱ्हाइकानेही दुसरीकडे पाहिलं. 2021 मध्ये 6 लाखांहून जास्त एके-203 रायफलींचा करार झाला, त्या उत्तर प्रदेशात कोरव्याला बनतात.

आता आपल्याकडे या. सारंगखेड्याच्या यात्रेत खोगीर-लगाम विकणारा मुरलेला व्यापारी आधी घोडा कुठला, लग्नाच्या वरातीला की शर्यतीला, हे विचारतो आणि मग माल काढतो. परदेशी गिऱ्हाइकाला आपण हे विचारतच नाही.

नंदुरबारची मिरची घ्या. इथे तिखटपणा आणि लाल रंग बघून भाव ठरतो. युरोपातला खरेदीदार आधी बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, तपासतो. मर्यादा एकूण 10 पीपीबी, त्यातल्या बी-1 प्रकाराला 5. रंग कितीही झकास असू द्या, रिपोर्ट फेल तर कंटेनर अडकला. आणि हे विष मुख्यतः वाळवताना, साठवताना राहिलेल्या ओलाव्यातून येतं, म्हणजे डिझाइन खळ्यावरच सुरू होतं. मिरची जमिनीवर टाकायची की ताडपत्रीवर, रात्री दव पडताना झाकायची की नाही, हे तुमचं डिझाइन.

आयईसी कोड आणि स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागेलच, ते पुढच्या भागात. त्याआधी एका वहीत खरेदीदाराला विचारायचे दहा प्रश्न लिहून काढा. पहिला प्रश्न भावाचा नको.