परतीची गाडी आधी

चि. वैशाली हिस,


भाऊजींचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा कराडला करायचं ठरलं आणि सकाळी वेळेवर पोचायचं कसं या काळजीत तू आहेस. काळजी रास्त आहे, पण ती अर्धीच आहे. परतायचं कसं हे आधी ठरव आणि त्यावरून डायलिसिसची पाळी मागून घे. जाताना आणि येताना माणूस तोच असला तरी तब्येत तीच नसते. साठलेलं जास्तीचं पाणी यंत्र चार तासांत ओढून काढतं. त्यामुळे उठल्यावर रक्तदाब उतरू शकतो, चक्कर येते, पायात गोळे येतात. शिवाय नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात, म्हणून सुया काढल्यावर हातावरच्या फिस्टुलाचं, म्हणजे जिथे सुया टोचतात त्या जागेचं, रक्त थांबायला वेळ लागतो आणि धक्का लागला तर ते पुन्हा सुरूही होतं. अशा माणसाला स्टँडवर दीड तास ताटकळत ठेवणं किंवा वडापच्या जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसवणं म्हणजे डायलिसिसवर पाणी ओतणं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये भरती झालेल्या रुग्णाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं, तेही दवाखान्यातून घरी परतायचं. सरकारी कागदाला जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

म्हणून शक्य असेल तर पहिली पाळी घे. आपल्या खोऱ्यातल्या गावांना मुक्कामी एसटी असते, ती पहाटे गाव सोडते आणि भाऊजी ताजेतवाने असताना त्यांना शहरात नेऊन सोडते. पहिली पाळी दुपारच्या आत संपते. उजेड असतो, गाड्या असतात, एक चुकली तरी दुसरी मिळते. शेवटच्या पाळीला मात्र परत यायला तीच मुक्कामी गाडी उरते, आणि ती चुकली की रात्र स्टँडवर. पहिल्या पाळीत जागा नसेल तर यादीत नाव लावून ठेव, दर आठवड्याला विचार. तिकिटाचं फार मनावर घेऊ नकोस. भाऊजींनी पासष्टी ओलांडली आहे म्हणून त्यांना अर्धं तिकीट आहेच, तुलाही २०२३ च्या मार्चपासून अर्धंच. डायलिसिसच्या रुग्णांसाठी एसटीची वेगळी सवलतही आहे. ती कोणत्या गाडीला, किती अंतराला मिळते आणि कोणता दाखला लागतो, ते आगारात विचारून घे. फिस्टुला डाव्या हाताला असेल तर त्यांना डाव्या रांगेत खिडकीशी बसव, म्हणजे मधल्या वाटेतल्या गर्दीचा धक्का त्या हाताला लागणार नाही. त्या हातात पिशवी नको, घड्याळ नको, बाही सैल असू दे. वाटेत रक्त आलंच तर कापसाचा बोळा बोटाने नेमका त्या जागेवर दाबून धर आणि हात वर उचल. कापड गुंडाळत बसू नकोस, त्याने दाब नेमका पडत नाही.

तुझा भाऊ म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, मोटारसायकलवर अर्ध्या तासात आणतो. जाताना नेऊ दे. येताना मागच्या सीटवर ज्याला भोवळ आली, त्याला पुढचा माणूस धरू शकत नाही. कुणी १०८ चा सल्ला देईल. ती सेवा तातडीच्या रुग्णांसाठी आहे, ठरलेल्या वेळेच्या फेऱ्यांसाठी नाही. अर्थात घरी दम लागला किंवा छातीत दुखू लागलं तर तिलाच फोन करायचा, वडापची वाट बघायची नाही. उरला खर्चाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. तीन दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १५६ फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी पूर्ण गाडी करणं आपल्या घराला झेपणारं नाही. पण झेपत नाही म्हणून काहीच ठरवायचं नाही, हेही बरोबर नाही. त्याच पाळीत आपल्या बाजूचे आणखी रुग्ण असतील. दोघा-तिघांनी मिळून परतीची एक रिक्षा महिन्याच्या बोलीवर ठरवली तर भाडं वाटून जातं, आणि रिक्षावालाही चार दिवसांत ओळखीचा होतो.

एकाच वाहनावर मात्र विसंबू नकोस. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, आणि मूत्रपिंड संपाची सुट्टी देत नाही. पावसाळ्यात तर ओढ्याला पाणी आलं तरी रस्ता बंद होतो. रविवारी डायलिसिस केंद्र बंद असेल तर दोन दिवसांच्या खंडानंतरची फेरी सर्वांत जोखमीची असते, कारण पाणी आणि पोटॅशियम तेव्हाच जास्त साठलेलं असतं. ती सोमवारची असो की मंगळवारची, तिच्यासाठी गावातल्या एका गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेव. बाकी दिवशी उशीर एक वेळ चालेल, त्या दिवशी नाही.

उद्या केंद्रात जाशील तेव्हा यंत्राबद्दल विचारण्याआधी पहिल्या पाळीत जागा कधी होते ते विचार, आणि मला कळव.

तुझा,
मामा