किरणोत्सर्ग मोजण्याचे हातातले यंत्र : जोडणी, वापर आणि आपल्या गावचा आकडा



बँकेच्या काउंटरवर नोटा मोजणाऱ्या, त्यातून कला शाखेच्या पदवीधर माणसाने किरणोत्सर्गावर लेख लिहावा, याचे आपणास नवल वाटेल. त्याचे कारण असे की, माझा एक भाचा पुणे-सातारा रस्त्यालगत भंगाराच्या गोदामात कामाला आहे. भोर-वेल्ह्याकडची आपली आणखीही काही मुले या धंद्यात आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याने मला विचारले, "मामा, दिल्लीत भंगारातल्या लोखंडानं माणूस मेला म्हणतात, ते खरं का? आमच्याकडं तसलं काही आलं तर आम्हाला कळायचं कसं?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जे वाचले, शास्त्राच्या शिक्षकांना विचारले आणि चुका करून जे शिकलो, ते येथे मांडीत आहे.

दिल्लीची घटना खरी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० साली आणलेले कोबाल्ट-६० चे एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले व मायापुरीच्या बाजारात पोहोचले. तेथे शिसे काढण्यासाठी ते फोडण्यात आले. आतले तुकडे धातूचेच असल्याने कोणाला शंका आली नाही; एकाने तर तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला. सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि त्यांपैकी एक कामगार एप्रिलअखेर मरण पावला. त्यापूर्वी १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातील सीझियमचे यंत्र असेच भंगारात फुटले होते. त्यात चार जण दगावले, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. आपल्या घाटाखालच्या खोपोलीचे नावही अशा प्रकरणात आले आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले आणि त्या पोलादाचा माग तेथील एका ओतशाळेपर्यंत लागला. भंगार वितळले की त्यातला दोष असा देशोदेशी जातो.

या किरणांना रंग नाही, वास नाही, आणि हाताला चटका बसतो तोही पुष्कळ उशिरा. म्हणून यंत्र लागते. आपल्या अभ्यासिकेने वर्गणी काढून मोबाईलएवढे एक यंत्र घेतले. त्याच्या आत एक बंद नळी असते. नळीत कमी दाबाचा वायू, मधोमध तार, आणि तारेवर चारशेच्या आसपास व्होल्टचा दाब असतो. किरण आत शिरला की वायूतून क्षणभर वीज वाहते आणि 'टिक्' असा आवाज होतो. गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने अशा मोजणीची सुरुवात १९०८ साली रदरफर्डबरोबर केली, आणि १९२८ साली म्यूलर या आपल्या विद्यार्थ्यासह आजच्या नळीचे रूप सिद्ध केले. दाब चारशे व्होल्टचा असल्यामुळे चालू यंत्राचे झाकण उघडू नये, आणि काचेची नळी असल्यास यंत्र पडू देऊ नये.

जोडणी फार अवघड नाही. सेल भरलेले असावेत, कारण उतरलेल्या सेलवर काही यंत्रे चुकीचे आकडे दाखवितात. त्यानंतर पाहावयाचे ते एकक, आणि येथेच आमची फजिती झाली. पहिल्या दिवशी पडद्यावर '१२' उमटले. मी पुस्तकात नैसर्गिक पातळी तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असल्याचे वाचले होते. म्हणजे हे शंभरपटीहून अधिक! मुलांना मी अभ्यासिकेबाहेर काढले. एका शिक्षकांनी येऊन यंत्राचे बटण दाबून दाखविले, तेव्हा कळले की यंत्र जुन्या एककावर, मायक्रोरॉंटजेनवर लावलेले होते. त्या एककातले १२ म्हणजे आपले ०.१२. आयुष्यभर रुपये-पैशांतला फरक पाहणाऱ्या कारकुनाने हे करावे! असो. एकक एकदाच 'मायक्रोसिव्हर्ट प्रति तास' असे लावावे आणि पुन्हा हात लावू नये.

दुसरी गोष्ट धीराची. नोटांचे बंडल दोनदा मोजले तर आकडा तोच येतो, येथे तसे नाही. किरण नियमाने येत नाहीत. एका मिनिटात २५ टिका आल्या तर पुढच्या मिनिटात १९ येतील, त्यानंतर ३१ येतील, आणि तरीही काहीच बदललेले नसते. हिशेब असा, की मोजलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढावे. तेवढी हालचाल साहजिक समजावी. २५ चे वर्गमूळ ५, म्हणजे शेकडा २०. तेच १६ मिनिटे मोजून ४०० टिका आल्या तर वर्गमूळ २०, म्हणजे शेकडा फक्त ५. म्हणून यंत्र ठेवून पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. मुलांना हेच सर्वांत जड जाते.

आता मुख्य मुद्दा. यंत्र विकत घेतले म्हणजे मोजता आले असे नव्हे. आपल्या गावचा रोजचा आकडा ठाऊक नसेल तर भंगाराशेजारचा आकडा कशाशी ताडून पाहणार? आम्ही दहा महिने एक वही ठेवली. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, वीस मिनिटे, तारीख-वेळ-हवामानासह. वेल्ह्याकडील गुंजवण्यापासून भोरच्या बाजारपेठेपर्यंत बहुतेक नोंदी ०.०७ ते ०.१३ च्या दरम्यान आल्या. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे आणि त्या खडकात युरेनियम-थोरियमचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा कमी असते. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे हाच आकडा कितीतरी पट असतो आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहतात. तासाला ०.१ धरले तर वर्षाच्या ८७६० तासांचे ८७६ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे एक मिलिसिव्हर्टलाही थोडे कमी. श्वासाबरोबर जाणारा रेडॉन वायू वगैरे सर्व मिळून जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मानतात.

यंत्र चालते की नाही हे पाहण्यास महाग साधन नको. शेतकऱ्याच्या घरचे म्युरेट ऑफ पोटॅशचे ५० किलोचे पोते घ्यावे. पोटॅशियम निसर्गतःच किंचित किरणोत्सर्गी आहे. त्या एका पोत्यात सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक अणू फुटत असतात, तरी ते पोते निर्धोक असते. यंत्र पोत्याला टेकवून वीस मिनिटे ठेवले की आकडा स्पष्ट वाढतो. पेट्रोमॅक्सच्या बत्तीचे जुने मेंटल त्याहून ठळक टिकटिकते, कारण त्यात थोरियम असे. मात्र मेंटल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नये. त्याची पूड नाकातोंडात जाणे वाईट.

मे महिन्यात आम्ही पुन्हा घाबरलो. वळवाचा पाऊस झाला आणि अंगणातला आकडा चढला. एका विद्यार्थ्याने कागदाने मोटारसायकलची टाकी पुसून कागद यंत्राजवळ धरला, तर टिका दुपटीवर! पण अर्ध्या तासात त्या निम्म्यावर आल्या आणि जेवणे होईपर्यंत थांबल्यातच जमा. जमिनीतून निघालेल्या रेडॉनपासून होणारे कण पहिल्या सरी खाली आणतात, आणि ते लवकर विझतात. वहीत हवामानाचा रकाना नसता तर मी कोणाकडे तरी तक्रार घेऊन गेलो असतो.

गोदामात वापरताना इशाऱ्याची घंटा गावच्या आकड्याच्या चौपट, म्हणजे साधारण ०.४ वर लावावी. टेम्पो रिकामा करण्यापूर्वी यंत्र पुढे धरून सावकाश फिरावे. घंटा वाजली की मागे सरावे. अंतर दुप्पट केले की लहान वस्तूचा मारा चौथाई होतो. हात लावू नये, कापू नये, माणसे दूर ठेवावीत आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईला आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. पोलीस त्यांना बोलावू शकतात.

दोन धोके मात्र पाठ करून ठेवावेत. जाड शिशाच्या भांड्यात बंद असलेली वस्तू बाहेर काहीच दाखवीत नाही. भांडे कापल्यावरच संकट सुरू होते. म्हणून आकाराच्या मानाने फार जड असलेले गोल भांडे किंवा तीन पात्यांची खूण असलेली पेटी, यंत्र गप्प असले तरी, फोडू नये. आणि मारा अतिशय प्रचंड असेल तर साधी नळी गुदमरते व आकडा उलट खाली येतो, प्रसंगी शून्यही होतो. एकदम चढून पडलेला आकडा दिसला तर तो सुटकेचा समजू नये, पळावे.

भाच्याला हे पटवायला वेळ लागला नाही, त्याच्या मालकाला लागला. वीस मिनिटे कशाला दवडायची, हा त्यांचा सवाल. शेवटी टेम्पोसाठी दोन मिनिटांची फेरी आणि रोज सकाळी एकदा वीस मिनिटांची नोंद, असे ठरले. आजवर घंटा एकदाच वाजली. एका जुन्या मंडपवाल्याचे सामान आले होते. त्यात मोडक्या पेट्रोमॅक्स बत्त्यांखाली मेंटलांचा न फोडलेला खोका निघाला. मुलांनी टेम्पोपासून दूर उभे राहून मला फोन केला. तो खोका दोन पिशव्यांत बांधून आता अभ्यासिकेच्या कपाटात, कुलपात ठेवला आहे. नवीन विद्यार्थ्यांना यंत्र शिकवताना तोच काढतो.