परखड मत आणि कायदा

प्रश्न : चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नटावर किंवा धर्मावर परखड मत लिहिणे गुन्हा ठरतो का?

उत्तर : नुसता परखडपणा गुन्हा नाही. फेसबुकवरील पोस्टवरून २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. ‘उत्तरार्धात अभिनय कोसळला’ ही प्रामाणिक टीका बदनामी नव्हे. ‘पैसे चारून भूमिका मिळवली’ हा बिनपुराव्याचा आरोप मात्र बदनामी ठरू शकतो. धर्माबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली भावना दुखावण्याचा जाणीवपूर्वक आणि द्वेषपूर्ण हेतू सिद्ध व्हावा लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. समान हेतू नसेल, तर सदस्याच्या मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.