थंडी सरताना मंडईत काय घ्यावं?

प्रश्न : फेब्रुवारीअखेर आणलेले मटार पिठूळ लागतात, द्राक्षं आंबट निघतात. पारख कशी करावी?

उत्तर : मटाराचा हंगाम आता सरत आला आहे. तोडल्यानंतर दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो आणि उन्हाळा जवळ आला की हे अधिक झपाट्यानं घडतं. म्हणून हिरव्यागार, तुकतुकीत शेंगा घ्या आणि लगेच सोला. पिवळट, सुरकुतलेल्या शेंगांत दाणे जून निघतात. त्यापेक्षा ओला हरभरा मिळाला तर जरूर घ्या.

द्राक्षं तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत. त्यामुळे घरी ठेवून पिकतील, ही आशा सोडा. घड देठाशी धरून हलकेच हलवा. मणी गळले तर माल शिळा. देठ हिरवा हवा. हिरव्या वाणात किंचित पिवळसर झाक गोडीची खूण. मण्यांवरची पांढुरकी पूड नैसर्गिक असते, तिला औषध समजून घड टाकू नका. मात्र खाण्यापूर्वी वाहत्या पाण्यात धुवा.

स्ट्रॉबेरीही देठापर्यंत लाल असलेलीच घ्या. संत्री, पेरू सध्या बिनधास्त घ्या. महागड्या आंब्याची घाई नको. तो एप्रिलमध्ये चांगला मिळेल.