पावसाळ्यात जुनी जीप : आधी जमीन पाहा, मग गिअर टाका

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी तालुक्यात आलापल्ली हे सागवान जंगलासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. येथून एटापल्ली, भामरागड व सिरोंचा या तिन्ही बाजूंना रस्ते फुटतात. भामरागड सुमारे ६५ किलोमीटरवर तर सिरोंचा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. मुख्य रस्त्यावरून एस.टी. व मालमोटारी जातात. परंतु मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळले की पांदण, नाला आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे बियाणे, खत व औषधे शेतावर पोचविण्याची निकड आणि रस्ते बंद पडण्याचा काळ एकच असतो.

हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात त्या गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत असे. त्यानंतर रस्ते पुष्कळ सुधारले. तरीही २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी भामरागड गावात शिरले आणि वाहतूक वेळोवेळी बंद पडली. अशा भागात जुनी फोर व्हील जीप बाळगणाऱ्यांची संख्या बरीच आहे. कोणाकडे जुनी महिंद्रा, तर कोणाकडे १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी असते. या गाड्या दणकट आहेत, साध्या आहेत आणि गावातला मिस्त्रीही त्या उघडून बसवू शकतो. मात्र गाडी फोर व्हील आहे म्हणून ती कोठेही जाईल, हा समज नुकसानीचा ठरतो. गाडी व जमीन या दोहोंची ओळख करून घेतल्यास हे नुकसान टाळता येते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात धानाच्या प्रात्यक्षिकासाठी खते घेऊन मी आलापल्लीच्या पलीकडील एका गावी जुन्या जीपने गेलो होतो. पांदणीत पाणी साचले होते. वळसा वाचविण्यासाठी मी गाडी धुऱ्यावरून एका बांधीत उतरविली. बांधी चिखलणी करून रोवणीसाठी तयार होती. वीस-पंचवीस फुटांवर चारही चाके रुतली. मी जोर दिला, तशी गाडी एक्सलपर्यंत खाली बसली. शेवटी दोन बैलजोड्या लावून ती बाहेर काढावी लागली. ज्यांची बांधी होती ते वयस्क शेतकरी एवढेच म्हणाले, “सायेब, बैलबंडीबी इकडून नाही जात.”

नुकसान तेथेच संपले नाही. धुरा फुटल्यामुळे वरच्या बांध्यांतील पाणी वाहून गेले. बांधीच्या खाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने जो घट्ट थर तयार झालेला असतो, तोच पाणी धरून ठेवतो. चाकांनी तो थर फोडला आणि त्या पट्ट्यातून पाणी झिरपत राहिले. त्या हंगामात चाकोरीच्या दोन्ही बाजूंचे धान पिवळे व खुजे राहिले. कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवीत आहे.

जमीन ओळखा

पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांनी जमिनीला दिलेली नावे गाडीवाल्यालाही उपयोगी पडतात.

१) कन्हार : काळी, भारी, चिकण जमीन. ओली झाली की चिकटते. टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाके फिरली तरी पकड मिळत नाही. पावसानंतर या जमिनीवरून गाडी नेऊ नये.

२) मोरांड व खरडी : मध्यम जमीन. हलक्या सरीनंतर काही तासांत वाट मिळते, झडीनंतर मात्र एक-दोन दिवस थांबावे लागते.

३) सिहार : पिवळसर, रेतीमिश्रित धानाची जमीन. वरून कोरडी दिसली तरी खाली पाणी असते. वरची पापडी फुटली की चाक एकदम खाली जाते.

४) बर्डी : मुरमाड, उंचवट्याची जमीन. पावसाळ्यात गाडीसाठी सर्वांत भरवशाची. जुन्या बैलबंडीच्या वाटा बहुधा बर्डीच्या कडेने गेलेल्या दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

पेरणीसाठी आपण वाफसा पाहतो, तसाच तो गाडीसाठीही पाहावा. वाटेवरील मूठभर माती घेऊन गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटला तर वाफसा आहे असे समजावे. तो चपटा होऊन तसाच राहिला तर माती फार ओली आहे. गाडीतून उतरून पायी चालावे. टाच दोन बोटांपेक्षा जास्त रुतत असेल तर तेथे भरलेली जीप नेऊ नये.

फोर व्हील म्हणजे काय?

साध्या जीपमध्ये इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना मिळते. फोर व्हीलमध्ये ट्रान्स्फर गिअरमधून ती पुढच्या एक्सललाही जाते. बहुतेक जुन्या महिंद्रा जीपमध्ये त्यासाठी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढचा एक्सल जोडला जातो व दुसऱ्याने ‘हाय’ किंवा ‘लो’ निवडता येते. ‘लो’ मध्ये गाडी हळू चालते, पण चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो. याबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये पुढचा व मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडले जात असल्याने हा फरक चाके घसरूनच भरून निघतो. चिखलात चाके घसरतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत. त्यामुळे ताण गिअर, क्रॉस व एक्सलवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून टाकावे.

- पुढच्या चाकांना फ्री व्हील हब असतील तर वाईट वाट सुरू होण्यापूर्वीच ते लावावेत. गुडघाभर चिखलात उतरून हब फिरविणे त्रासाचे असते.

- डिफ्रन्शियल साधे असल्यास ज्या चाकाला पकड नाही तेच फिरते. पुढचे एक व मागचे एक चाक अधांतरी किंवा निसरड्यावर आले की फोर व्हील जीपही जागीच उभी राहते.

- फोर व्हीलमुळे ओढ वाढते, ब्रेक सुधारत नाही. ओल्या उतारावर ‘लो’ मधील पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, इंजिनाच्या रोधावर गाडी उतरवावी.

टायरमधील हवा

जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब साधारणपणे टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. हवा कमी केल्यास टायर पसरतो, दाब मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो व चाक कमी रुतते. नदीच्या रेतीत किंवा मऊ वाटेवर हवा १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवावी. ट्यूबच्या टायरमध्ये त्याहून कमी करू नये, कारण टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी हातपंप गाडीत असावा.

नाला व रपटा

वाहत्या पाण्याशी पैज लावू नये. एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला हलवू शकते आणि दोन फूट पाणी जीपसारख्या वाहनालाही वाहून नेते. रपट्यावरून पाणी वाहत असताना खाली रपटा शिल्लक आहे की खचला आहे, हे वरून कळत नाही. अशा वेळी गाडी अलीकडेच उभी करावी. डोंगराकडील पाऊस थांबला की लहान नाल्यांचे पाणी बहुधा काही तासांत उतरते.

नाल्यातील पाणी संथ असेल तर काठीने खोली व तळ पाहावा. पाणी गुडघ्याच्या खाली व तळ टणक असल्यासच ‘लो’ मध्ये, एका संथ गतीने, मध्ये न थांबता पार व्हावे. डिझेल इंजिनाला प्लग नसल्याने ते पाण्यात सहज बंद पडत नाही. परंतु हवेच्या नळीतून पाणी आत गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकतात व इंजिन उघडावे लागते. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रम कोरडे होतात.

तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी डिफ्रन्शियलचे तेल तपासावे. ते ताकासारखे पांढुरके दिसल्यास लगेच बदलावे. तसेच चालविल्यास बेअरिंग व दाते खराब होतात.

गाडी रुतल्यास

१) चाक जागीच फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा. चाक फिरविण्याने खड्डाच खोल होतो.
२) ज्या चाकोरीने आलो त्याच चाकोरीने मागे येण्याचा प्रयत्न करावा.
३) माल उतरवावा. चारही चाकांपुढील व एक्सलखालील माती फावड्याने काढावी.
४) जॅकखाली फळी ठेवून चाक उचलावे व त्याखाली दगड किंवा बांबूचे तट्टे घालावेत. तट्टे घरूनच सोबत न्यावेत.
५) दोर चासीच्या हुकाला बांधावा. ताणलेल्या दोरावर भिजलेले पोते टाकावे व जवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. झाडाला दोर बांधताना साल सोलली जाऊ नये म्हणून मध्ये पोते घालावे.

निगा

- आठवड्यातून एकदा किंगपिन, क्रॉस व पाट्यांच्या शॅकलना ग्रीस द्यावे. पाण्यातून गेल्यास त्याच दिवशी द्यावे. नवे ग्रीस जुने पाणी बाहेर ढकलते.
- साठवलेल्या पिंपातील डिझेल एक दिवस स्थिर ठेवून, तळाचे सोडून, गाळून भरावे. पावसाळ्यात पिंपात पाणी उतरते.
- उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर पुढचा एक्सल जोडून थोडे अंतर चालवावे. वर्षभर न वापरलेला दांडा जुलैत हलत नाही.
- सोबत फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, रेडिएटरची नळी, ट्यूब, यू-बोल्ट, पाने, दोर व फावडे ठेवावे.

खरेदी व कायदा

जुनी जीप घेताना रंग पाहू नये. चासीवरील गंज व वेल्डिंग, स्टिअरिंगचा प्ले, डिफ्रन्शियलचे तेल आणि ‘लो’ गिअर जोर दिल्यावर सुटतो का, हे पाहावे. इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून घ्यावेत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावी लागते. इंजिन बदलणे किंवा बॉडीत फेरफार करणे परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. शासकीय मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांचे नोंदणी नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. म्हणून ‘सरकारी लिलावातील जीप’ सांगून कोणी विकत असल्यास कागद नीट तपासावेत.

हौसेने जंगलात गाडी घालणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. आलापल्लीजवळील ‘वनवैभव’ हे जुन्या सागवान वृक्षांचे क्षेत्र २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. अशा जागी चाकाखाली येणारे रोप पुन्हा तेवढे होण्यास शंभर वर्षे लागतात.

शेवटी, शेतकरी बंधूंनो, वेळेवर पोचलेल्या खताने पीक सुधारते, हे खरे. पण खत पोचविताना दुसऱ्याची बांधी फुटली तर हिशोब तोट्याचाच होतो. माझ्या त्या चुकीनंतर मी एकच नियम पाळतो. जेथे बैलबंडीची चाकोरी नाही तेथे जीप उभी करावी आणि पुढचे पोते खांद्यावर घ्यावे.