लाइट आल्यावर आधी जर्नल वाचा

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या बऱ्याच भागांत लाइट बंद होती. तिथल्या गोत्री भागात माझ्या मावसभावाचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. लाइट आली, उबंटूचा सर्व्हर आपोआप उठला, बिलं निघायला लागली. सगळं सुरळीत आहे असंच सगळ्यांना वाटलं. सर्व्हर चालू होताना नेटवर्कवरची बॅकअप डिस्क जोडायची आणि मग तिच्यावर फायलींची रोजची कॉपी सुरू करायची, असं काम करणारी एक स्क्रिप्ट कुणीतरी पूर्वी लिहून ठेवली होती. त्या दिवशी डिस्क जोडलीच गेली नाही. कॉपी मात्र रोज होत राहिली. काही आठवड्यांनी सर्व्हरची स्वतःची डिस्क भरली आणि मावसभावाचा फोन आला, तेव्हा कळलं की सगळा बॅकअप त्याच डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये साचला होता. त्या काळात ती डिस्क गेली असती, तर मूळ फायली आणि बॅकअप दोन्ही एकदमच गेले असते.

असं का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. एरवी सर्व्हर एकटाच रीस्टार्ट होतो. राउटर आणि बॅकअपची डिस्क आधीपासून चालू असतात. लाइट गेली की तिन्ही बंद पडतात आणि एकाच क्षणी उठायला लागतात. सर्व्हर पहिला तयार होतो, डिस्क काही मिनिटांनी जागी होते. स्क्रिप्टमधली माउंटची ओळ फसते, पण बॅश तिथे थांबत नाही, पुढची ओळ चालवतो. माउंट न झालेलं फोल्डर हे साधं रिकामं फोल्डरच असतं, त्यात कॉपी आनंदाने होते. शेवटची ओळ यशस्वी, म्हणून सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या लेखी अख्खी स्क्रिप्ट यशस्वी. ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ने काहीच दाखवलं नाही ते यामुळेच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: स्क्रिप्टला हात लावण्याआधी आणि मशीन पुन्हा रीस्टार्ट करण्याआधी ‘जर्नलसीटीएल -बी’ वाचा. मागच्या बूटचं हवं असेल तर ‘-बी -१’. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर नसेल तर नोंदी मेमरीतच राहतात आणि रीस्टार्टबरोबर पुसल्या जातात. आमच्याकडे ते होतं. माउंट फसल्याची ओळ तारीख-वेळेसकट सापडली.

‘हाताने चालवली तर चालते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. हाताने चालवताना तुम्ही लॉगिन केलेलं असतं, पाथ भरलेला असतो, नेटवर्क कधीचं सुरू असतं. बूटच्या वेळी यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. एरर २०३ दिसला तर सिस्टमडीला फाइल चालवताच आलेली नाही: परवानगी नाही, पहिली ओळ चुकली आहे, किंवा फाइल विंडोजवर लिहिल्यामुळे ओळींच्या शेवटी जास्तीचं अक्षर आलं आहे. जुनी ‘आरसी.लोकल’ वापरत असाल तर तिला एक्झिक्यूट परवानगी आहे ना, ते बघा. नसेल तर सिस्टमडी ती फाइल मुकाट्याने सोडून देतो. २०१५मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ सिस्टमडीवर आले. सिस्टमडी सेवा एकमेकींच्या बरोबरीने सुरू करतो. जुन्या क्रमावर विसंबलेल्या कितीतरी स्क्रिप्ट अजून तशाच पडून आहेत.

‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’मध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ घाला, असा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्यातून आपल्या मशीनचं नेटवर्क सुरू झालं एवढंच कळतं. पलीकडची डिस्क जागी आहे की नाही, ते कळत नाही. म्हणून आम्ही स्क्रिप्ट स्वतंत्र सर्व्हिस केली. कॉपीच्या आधी ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क जोडलेली आहे का ते तपासलं जातं. नसेल तर स्क्रिप्ट एरर देऊन बाहेर पडते. सर्व्हिसमध्ये ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक=३०’ असल्यामुळे अर्ध्या मिनिटाने ती पुन्हा प्रयत्न करते. ही मधली वेळ द्यायला विसरू नका. नाहीतर सिस्टमडी लागोपाठ पाच प्रयत्न करून दहा सेकंदांच्या आतच नाद सोडतो.

दुरुस्ती झाल्यावर नुसतं रीबूट करून समाधान मानू नका. रविवारी सगळी यंत्रं रीतसर बंद करा आणि मेन स्विचवरून एकदम चालू करा. गोत्रीत पहिल्या चाचणीत डिस्क उठेपर्यंत सर्व्हिस बऱ्याचदा फसली, मग डिस्क आपोआप जोडली गेली. जर्नलमध्ये ते सगळं ओळीने दिसलं.

आणखी एक काम राहतं. डिस्क अनमाउंट करून खालचं फोल्डर उघडा. तिथे साचलेल्या फायली बॅकअपमध्ये आल्या आहेत याची खात्री करून मगच काढा. फोल्डर रिकामं झालं की ‘सीएचअॅटर +आय’ने ते कुलूपबंद करा. डिस्क त्यावर माउंट होतेच, पण ती नसताना रूटलासुद्धा तिथे एकही फाइल लिहिता येत नाही.